परीचं दार आणि रायपूरचे न दिसणारे पाहुणे

परीचं दार कुठून आलं, हे सालासकट सांगता येतं. अमेरिकेत मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे जोनाथन राइट या चित्रकाराच्या घरात १९९३ साली भिंतीच्या पायथ्याशी वीतभर उंचीची दारं दिसू लागली. घरातच लहान मुलांची शाळा भरायची, त्यामुळे ती पाहायला मुलांची वाण नव्हती. २००५ साली अशी दारं गावातल्या दुकानांच्या भिंतींवर उमटली. त्यांतलं पहिलं एका कॉफीच्या दुकानावर होतं. मुलं त्यांच्यापुढे नाणी, पेन्सिली आणि चिठ्ठ्या ठेवू लागली. २०१३ मध्ये आयर्लंडमध्ये ही दारं खोक्यात घालून विकणारी कंपनी निघाली. इंग्लंडात सॉमरसेटमधल्या वेफर्ड वूड्स या रानात लोकांनी झाडांच्या बुंध्यांना इतकी दारं ठोकली, की २०१५ साली रान सांभाळणाऱ्यांना त्यांच्यावर बंधन घालावं लागलं.

एवढा प्रवास करून ते दार रायपुरात, अवंती विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझ्या सहा वर्षांच्या नातीच्या मोबाइलवर पोचलं. तिला तस्सं दार हवं होतं, पलंगाशेजारच्या भिंतीला. मुलगा म्हणाला, “आई, मागवून टाकतो, चार दिवसांत येईल.” मी म्हटलं, “मागवू नकोस, आपण करू.” यात हट्ट नव्हता. या गावात न दिसणाऱ्या पाहुण्यांची उठबस मी जन्मभर पाहत आले आहे. मुलाच्या निजायच्या जागी कोणीतरी अदृश्य येतं, त्याच्यासाठी काहीतरी छोटं मांडून ठेवायचं असतं, ही समजूत आमच्या तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरात राइटसाहेबांच्या कितीतरी आधीपासून होती.

आम्ही मराठी माणसं इथली कशी, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत फौज घेऊन रतनपुरावर आले आणि छत्तीसगडचं कलचुरी राज्य भोसल्यांच्या अमलाखाली गेलं. १७५८ पासून १७८७ मध्ये वारेपर्यंत बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत होते. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी कर्नल अ‍ॅग्न्यू यांनी कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, तरी नागपूरशी नाळ तुटली नाही. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूरच होती. कारकून, वकील, मास्तर, पुजारी अशी माणसं तिकडून येत राहिली आणि बायका आपल्या पेट्यांबरोबर आपले कुळाचार घेऊन आल्या. दसऱ्याला पानं ‘सोनं’ म्हणून वाटायची रीत बिंबाजींनी इथे आणली, असं इथल्या इतिहासाच्या पुस्तकांत असतं. ती बाहेर चौकात रुजली म्हणून पुस्तकात गेली. माजघरात रुजलेल्या रिती पुस्तकात जात नाहीत.

त्यांतली पहिली पाचवीची. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत पाटा मांडायचा, त्यावर वरवंटा, हळद-कुंकू, दिवा, नैवेद्य आणि शेजारी कोरा कागद नि लेखणी. माझ्या मुलाच्या वेळी सासूबाईंनी सासऱ्यांच्या टेबलावरचा टाक आणि दौत आणून ठेवली होती. मी म्हटलं, बॉलपेन ठेवा की. त्या म्हणाल्या, “तिला सवय कशाची आहे ते बघायला नको?” पाहुणीची सवय सांभाळायची, हा त्यातला मुद्दा. रात्री कोणीतरी जागं राहायचं, दिवा विझू द्यायचा नाही. सकाळी कागद कोराच असायचा आणि त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही. शेजारच्या छत्तीसगडी घरांत हाच सोहळा ‘छट्ठी’ नावाने व्हायचा. बायका सोहर, म्हणजे बाळाच्या जन्माची गाणी, म्हणायच्या आणि जेवणावळ उठायची. दोन्ही घरांच्या बाळंतिणी एकमेकींकडे काय काय मांडलं आहे ते भिंतीआडून विचारून घ्यायच्या.

दुसरी रीत गौरीच्या पावलांची. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या येतात. त्यांची पावलं काढायचं काम आम्हा मुलींचं. तांदळाच्या पिठाची पातळ खळ करायची, मूठ वळून तिची करंगळीकडची कड त्यात बुडवायची आणि जमिनीवर टेकवायची. झालं पाऊल. मग बोटाच्या टोकाने पाच ठिपके दिले की झाली बोटं. वर हळदीकुंकवाचे टिपके. उंबऱ्यापासून निघायचं ते कोठीघर, स्वयंपाकघर, तिजोरी, गोठा असं करत मखरापर्यंत जायचं. गौर आणणारी बाई पावलापावलाला थांबणार आणि घरातली बाई तिला घर दाखवणार, इथे काय आहे, तिथे काय आहे. सगळी पावलं आतल्या दिशेने. बाहेर जाणारं एक जरी पाऊल उमटलं तरी आजी ओल्या फडक्याने पुसायला लावायची. ती पावलं माझ्या तळहाताहून लहान असायची. एवढ्या लहान पायांची बाई केवढी असेल, हा प्रश्न मला पडे आणि त्याचं उत्तर कोणी देत नसे.

तिसरी पिठोरी अमावास्येची. श्रावणातल्या शेवटच्या दिवशी आई खीर-पुरीचं वाण खांद्यावरून मागे धरते आणि मागे वळून न बघता विचारते, “अतीत कोण?” मागे उभं असलेलं मूल म्हणतं, “मी,” आणि वाण घेतं. इथे न दिसणारा पाहुणा मूलच होतं. आईने वळून बघायचं नाही, एवढीच त्यातली अट.

आता घराच्या उंबऱ्याबाहेर येऊ. छत्तीसगडी शेजारणींचं ‘कमरछठ’ मी तात्यापाऱ्याच्या आवारात दरवर्षी पाहिलं. आपली श्रावण वद्य षष्ठी, इथल्या पंचांगात भादो. मुलांच्या आयुष्यासाठी आया उपास करतात. नांगरलेल्या जमिनीतलं काही खायचं नाही, म्हणून आपोआप उगवणारा पसहर तांदूळ, म्हशीचं दूधदही आणि सहा प्रकारच्या भाज्या. पण आम्हा पोरांचं लक्ष असायचं ते ‘सगरी’कडे. अंगणात दोन लहान खड्डे खणायचे, काठ लिंपून घ्यायचा, काठावर काशाचं गवत आणि पळसाच्या डहाळ्या खोवायच्या, की झाला तलाव. त्यात बायका आपापल्या लोट्याने पाणी ओततात, कथा ऐकतात आणि मुलांच्या नावाने मातीची खेळणी सोडतात. मातीची नाव, भौंरा म्हणजे भोवरा, बांटी म्हणजे गोट्या. रायपूर हे तलावांचं गाव. बूढ़ा तलाव आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी त्या दिवशी तो बाजूला ठेवून अंगणात हातभर तलाव केला जायचा, कारण मुलाच्या नावाचा तलाव मुलाच्या मापाचा हवा. पूजा झाली की आया ओल्या कापडाचा पोता मुलांच्या पाठीवर हळूच मारायच्या. मी मराठी घरातली, पण मला त्यातून सूट नव्हती. माझ्याही पाठीवर छुही मातीचा पांढरा ठसा उठायचाच.

याच गावात लहान वस्तूंचा एक सबंध धंदाही वर्षभर चाले, आणि तो कुंभारांच्या हातात होता. वैशाखात अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया. गोलबाजारात कुंभारणी टोपल्या घेऊन बसायच्या, त्यांत मातीचे पुतरा-पुतरी. नवरदेवाला कागदी मौर, नवरीला चमकीची चुनरी. मोहल्ल्यातली पोरं डहाळ्यांचा मांडव घालून त्यांचं लग्न लावायची. तेल-हळद, वरात, टिकावन म्हणजे आहेर, सगळं रीतसर. मोठी माणसं खरोखर जेवायला यायची आणि दोन-चार आण्यांचा आहेर ठेवायची. त्याच दिवशी आमच्या घरी चैत्रगौरीचा महिना संपायचा. तीही झोपाळ्यावर बसलेली, पायऱ्यांवर खेळणी मांडलेली, समोर आंब्याची डाळ आणि पन्हं. सकाळी आमच्या गौरीची पाठवणी आणि संध्याकाळी शेजारच्या पुतरीचं लग्न, अशी आमची अक्ती.

मग पोळ्याला, इथल्या ‘पोरा’ला, बाजार पुन्हा भरायचा. मुलग्यांसाठी चार चाकांचा मातीचा नंदिया बैल, मुलींसाठी जांता, चूल आणि चुकिया-पोरा, म्हणजे लहानशी मडकी. जांता म्हणजे जातं, खरंच फिरणारं, वरच्या पाळीला खुंटा असलेलं. घरी आणल्यावर आधी त्यांची पूजा, ठेठरी-खुरमीचा नैवेद्य त्याच भांड्यांत, आणि मग खेळ. माझ्या लहानपणी खेळायच्या आधी देवाला दाखवलं नाही असं एकही खेळणं या दिवशी हाताला लागत नसे. जो कुंभार मोठी मडकी घडवायचा, तोच ही बोटभर मडकी घडवायचा, त्याच चाकावर, त्याच मातीची. म्हणून ती खोटी वाटायची नाहीत. चुकियात पाणी ठेवलं की ते खरंच गार व्हायचं.

या सगळ्याचा कळस मला रायपुरापासून दूर, सरगुजातल्या पुहपुट्रा गावी दिसतो. तिथल्या सोनाबाई रजवार. लग्न होऊन आल्या आणि नवऱ्याने गावाबाहेर बांधलेल्या घरात वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्या राहिल्या. मुलाला खेळणी नव्हती, बाजारही नव्हता. त्यांनी विहिरीजवळची माती घेतली आणि त्याच्यासाठी पक्षी, माकडं, माणसं केली. कोणी शिकवलेलं नव्हतं. पुढे घरात ऊन थेट येऊ नये म्हणून बांबूच्या पातळ कामट्या वाकवून कडी केली, ती एकमेकांना बांधली आणि त्यावर माती चढवली. ती झाली जाळी. जाळीच्या गोल गोल खिडक्यांत पक्षी बसवले, नाचणाऱ्या बायका उभ्या केल्या. रंग स्वयंपाकघरातले आणि मातीचे. १९८३ साली भोपाळच्या भारत भवनची माणसं खेड्यापाड्यांतली कला शोधत तिथे पोचली, तेव्हा अख्खं घर अशा लहानशा वस्तीने भरलेलं होतं. पुढे त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अमेरिकेतल्या संग्रहालयात त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. २००७ मध्ये त्या वारल्या. एका मुलाच्या खेळण्यांतून छत्तीसगडची एक कलाशैली उभी राहिली. परीचं दार विकणाऱ्यांनी ही गोष्ट एकदा ऐकावी.

इतकं सगळं होतं, तर मग दार का नव्हतं? मला वाटतं, याचं उत्तर घराच्या नकाशात आहे. आमच्या वाड्यात ओसरी होती, माजघर होतं, कोठीची खोली होती, पण ‘मुलांची खोली’ नव्हती. आम्ही सहा-सात जण माजघरात ओळीने सतरंजीवर झोपायचो, भिंतीकडची जागा कोणाची यावरून भांडायचो. मुलाची म्हणावी अशी खोली जन्मात एकदाच मिळायची, ती बाळंतिणीची, आणि तीही थोड्या दिवसांची. सटवाई तिथेच यायची. पुढे जो कोणी अदृश्य पाहुणा यायचा तो सगळ्या घराकडे यायचा, म्हणून त्याचं दार घराचं दार होतं आणि त्याची जागा अंगण. भिंतींत कोनाडे होते, त्यांत देव, दिवे, कंगवे, गोट्या सगळंच मावायचं. आता भिंती चार इंची आणि सपाट, अंगण पार्किंगमध्ये गेलं, सगरी कॉलनीच्या देवळापुढे होते आणि तिथेही फरशी फुटू नये म्हणून टबात पाणी भरतात. आणि सहा वर्षांच्या मुलीला स्वतःची खोली मिळाली आहे, दार लावून घेतलेली, रात्री एकटीने झोपायची. मुलाला स्वतंत्र खोली मिळाली, तेव्हा परीला स्वतंत्र दार लागलं. ओळीत झोपणाऱ्या आम्हा सात जणांना परीची गरज नव्हती. शेजारी लाथा मारणारा चुलत भाऊ होता.

हे ध्यानात आल्यावर माझा विरोध मावळला. दार करायचं ठरलं.

सोसायटीत कोणाकडे तरी फर्निचरचं काम चालू होतं, तिथल्या मिस्त्रीकडे मी सागवानाचे कापून उरलेले तुकडे मागितले. सात इंच उंच, चार इंच रुंद, असं माप दिलं. त्याने पेन्सिल कानावर ठेवली, नातीकडे पाहिलं आणि मला विचारलं, “अतका छोटकन कपाट म कोन खुसरही, दाई?” म्हणजे, एवढ्याशा दारात कोण शिरणार? मी म्हटलं, जो येतो तो. त्याला ते पटलं. निदान त्याने पुढे विचारलं नाही. चौकटीचे कोपरे तिरके कापून त्याने फेविकॉलने जोडले, दोरीने करकचून बांधून रात्रभर ठेवले. दाराला एक सलग फळी नको, जुन्या वाड्यासारख्या उभ्या पट्ट्या हव्यात असं मी सांगितलं. त्याने पातळ पट्ट्या ओळीने लावून मागून दोन आडव्या मारल्या. उंबरा मी हट्टाने करून घेतला. मी पाहिलेल्या बाजारातल्या दारांना उंबरा नव्हता, आणि उंबऱ्याशिवाय दार म्हणजे नुसती फळी. चौकटीच्या माथ्यावरच्या गणेशपट्टीवर गणपती मीच सुईने कोरला. तो बराचसा हत्तीसारखा झाला आहे, जे चालतं.

कडीवरून खल झाला. मी जुन्या दागिन्यांच्या डबीची पितळी कडी बाहेरून लावायला घेतली, तर नात म्हणाली, “आजी, कडी तिच्या बाजूला पाहिजे. नाहीतर आपण तिला कोंडू.” म्हणून आमच्या बाजूला फक्त ठोकायची कडी आहे, कोंडागावच्या घडव्यांनी केलेल्या ढोकऱ्याच्या माळेतून सुटलेलं एक पितळी कडं. दार उघडत नाही. उघडणारं करता आलं असतं, पण मला पाचवीचा कोरा कागद आठवत होता. कागद कोरा राहिला म्हणूनच सटवाईने काय लिहिलं असेल यावर आमच्या घरात आयुष्यभर बोलणं चाललं. दार उघडून मागे भिंत दिसली असती, तर सगळं संपलं असतं. लाकडाला गेरूचा हात दिला, वर पारदर्शक वार्निश. खिळा न मारता दुहेरी चिकटपट्टीने भिंतीला, फरशीच्या पट्टीच्या लगेच वर लावलं. नातीला मूठ वळून पावलं काढायला शिकवली. तिने खोलीच्या मोठ्या दारापासून छोट्या दारापर्यंत ती काढली, सगळी आतल्या दिशेने.

एका गोष्टीत मात्र मी नव्या पद्धतीला शरण जाणार नाही. परदेशी दारांबरोबर अशी शिकवण येते, की परी सगळं बघते, दूध न प्यायलं तर तिला कळतं, शहाणं वागलं तर ती भेट ठेवते. परीला असं जमादार करू नये. सटवाई नशीब लिहायची, पण माझ्या सासूबाईंनी तिच्या नावाने कोणा पोराला धाक घातलेला मला आठवत नाही. गौर घर बघायला यायची, झडती घ्यायला नाही. कमरछठची खेळणी मूल चांगलं वागलं म्हणून मिळत नसत, मूल आहे म्हणून मिळत. या पाहुण्यांचं आमच्याकडे एकच काम होतं, मुलाकडे कोणीतरी खास येऊन गेलं एवढं त्याला कळावं. ज्या आईबापांना दार लावायचं आहे, त्यांनी एवढं एक पथ्य पाळावं.

आणि दुसरं, दार मागवू नका. सुताराच्या दुकानात उरलेले तुकडे मिळतात, गेरू मिळतो, आणि वेळ एका रविवारचा लागतो. अक्तीला मुलांना घेऊन गोलबाजारात जा, पुतरा-पुतरी घ्या. पोळ्याला जांता आणि चुकिया घ्या आणि ते त्या दारापुढे मांडा. भाव करू नका. वर्षातले हे थोडे दिवस सोडले, तर बोटभर मडकं घडवणाऱ्या कुंभाराकडे कोणी फिरकत नाही.